आम्ही काय मानतो आणि कसे जगतो
उपासनेतील मतांगीकाराविषयी

(साहाय्यक सभासदांच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)





या मेळाव्यात आपण दरवर्षी वसतिगृह, दवाखाना, बालवाडी, शिवणवर्ग यांविषयी ऐकतो. आज मला दिलेला विषय वरवर पाहता या कामापासून दूरचा वाटेल. विषय आहे, मतांगीकार. कोणी त्याला विश्वासांगीकार म्हणतात, कोणी श्रद्धेची कबुली म्हणतात. रविवारी उपदेशानंतर आपण सगळे उभे राहतो आणि दोन मिनिटांत जे म्हणून खाली बसतो, ते.

हा विषय सहज निवडलेला नाही. डोंगरभागातल्या आपल्या लहान लहान मंडळ्यांची उपासना कशी असावी, हे ठरवताना सेवकांमध्ये दोन मते पडली आहेत. काहींचे म्हणणे असे की, मतांगीकार हा शहरातल्या जुन्या चर्चचा रिवाज आहे, त्याचे मराठी जड आहे, पाड्यावरच्या माणसाला ते कळत नाही. त्याऐवजी दोन भजने जास्त म्हणावीत आणि साक्ष द्यायला वेळ द्यावा. इतरांचे म्हणणे असे की, तो काढून टाकला तर उद्या जो येईल तो जे सांगेल तेच खरे, अशी स्थिती होईल. दोन्ही बाजूंचे लोक प्रभूवर प्रेम करणारे आहेत. म्हणून आज घाईने निकाल न देता मूळ गोष्ट काय आहे ते आपण पाहू.

पवित्र शास्त्र असताना हे कशाला?

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो. पवित्र शास्त्र आपल्या हातात आहे, मग माणसांनी लिहिलेली कबुली कशाला? हा प्रश्न आदराने घेतला पाहिजे. बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स या परंपरांतल्या पुष्कळ विश्वासणाऱ्यांनी तो मनापासून विचारला आहे, आणि आपल्या साहाय्यकांमध्येही त्या परंपरेचे लोक आहेत.

पण शास्त्र उघडले की दिसते, कबुली ही शास्त्राच्या बाहेरून आलेली वस्तू नाही. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलाला देव एकच आहे ही कबुली दिली आहे, आणि लगेच सांगितले आहे की ती मुलांना शिकवा, घरी बसताना आणि वाटेने चालताना तिच्याविषयी बोला. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात म्हणतो की, मला जे मिळाले तेच मी तुम्हांला सोपवले. आणि मग ख्रिस्ताचे मरण, पुरले जाणे, उठणे आणि दर्शन देणे या गोष्टी ओळीने सांगतो. ते वाक्य पाठ करण्यासारखे बांधलेले आहे. पौलाच्या आधीच मंडळी ते म्हणत होती. रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात तो मनातला विश्वास आणि तोंडची कबुली यांना एकाच जोडीत बांधतो. येशू हा प्रभू आहे, ही सगळ्यांत लहान कबुली. ज्या साम्राज्यात कैसराला प्रभू म्हणत, तिथे ती म्हणायला किती धैर्य लागत असेल याचा विचार करा.

तेव्हा मतांगीकार शास्त्राच्या जागी बसत नाही. तो शास्त्राच्या दाराशी उभा राहून आत काय आहे ते थोडक्यात सांगतो. नव्या माणसाच्या हाती आपण बाराशे पानांचा ग्रंथ ठेवतो. कुठून सुरुवात करावी, मुख्य काय, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

आणखी एक गोष्ट. जे म्हणतात की आमचा लिखित मतांगीकार नाही, त्यांच्याकडेही तो असतोच. फक्त तो पाळकाच्या मनात असतो. लिहिलेली कबुली मंडळीतली आजीसुद्धा तपासू शकते. पाळकाच्या मनातली कोण तपासणार? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यांत बाप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्सही होते. प्रेषितांचा मतांगीकार आणि नायसिन मतांगीकार या दोघांचा स्वीकार करून त्या सहा मंडळ्या एका घरात आल्या. वेगवेगळ्या पद्धतीने उपासना करणाऱ्यांना एकत्र उभे राहायला जागा या दोन कबुल्यांनी दिली.

जे वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी

पाड्यावरच्या लोकांना हे कळणार नाही, असे आपण म्हणतो. पण मतांगीकाराचा जन्म कोणासाठी झाला ते पाहा.

सुमारे ३५० साली यरुशलेमचे सिरिल बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना शिकवीत होते. त्यांनी स्पष्ट सांगितले की सगळ्यांना शास्त्र वाचता येत नाही; कोणाला शिक्षण नाही म्हणून, तर कोणाला कामातून सवड नाही म्हणून. यासाठी विश्वासाचा सारा सारांश थोड्या ओळींत दिला जातो. आणि त्यांनी असेही बजावले की हे कागदावर लिहू नका, हृदयावर लिहा. म्हणजे मतांगीकार हा मुळातच कष्टकऱ्यांसाठी आणि निरक्षरांसाठी होता. तो विद्वानांचा दागिना नव्हता.

तोंडपाठ करणे ही आपल्या आदिवासी बांधवांना परकी गोष्ट आहे का? वारली लग्नात धवलेरी तासन्‌तास गाते, तिच्यापुढे पुस्तक नसते. वंशावळी, देवांच्या कथा, जमिनीच्या खुणा, औषधी झाडपाला, हे सगळे या समाजांनी शतकानुशतके तोंडीच सांभाळले आहे. पाठ करण्याची ताकद त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहे. मोबाईलमध्ये सगळे आहे म्हणून आता एक वचन पाठ नसलेले लोक कोण, ते आपण आरशात पाहावे.

आपल्या देशातला एक जुना दाखला सांगतो. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला आले आणि तिथून दक्षिणेच्या किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांमध्ये गेले. त्यांना तमिळ येत नव्हते. भाषा जाणणाऱ्या काही लोकांच्या मदतीने त्यांनी मतांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा तमिळमध्ये करून घेतल्या आणि स्वतः पाठ केल्या. हातात घंटा घेऊन ते गावभर फिरत आणि मुलांना व मोठ्यांना गोळा करीत. जानेवारी १५४४ च्या पत्रात त्यांनी शिकवण्याची रीत लिहिली आहे. मतांगीकाराचे एकेक कलम ते सांगत, लोक मागून म्हणत. मग ते विचारीत, हे तुम्ही खरोखर मानता का? लोक छातीवर हातांची घडी करून उत्तर देत, होय. त्यांच्या कामाच्या सगळ्याच बाबी आज आपण तशाच करणार नाही. पण कोळ्यांना त्यांच्याच भाषेत, एकेक कलम, आणि प्रत्येक कलमाशी थांबून प्रश्न, ही रीत आपल्यालाही घेण्यासारखी आहे.

मार्टिन लूथर यांचेही तसेच. १५२८ च्या सुमारास ते सॅक्सनीतल्या खेड्यांतल्या मंडळ्या पाहायला गेले. लोकांना विश्वासाचे साधे ज्ञानही नाही आणि पुष्कळ पाळकांनाही शिकवता येत नाही, हे पाहून त्यांना फार वाईट वाटले. दुसऱ्या वर्षी, १५२९ मध्ये, त्यांनी लहान प्रश्नोत्तरी लिहिली. दहा आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, संस्कार. घरातल्या कर्त्या माणसाने जेवणाआधी मुलांना आणि गड्यांना शिकवावी, अशी ती सोपी. खेड्यांची अवस्था पाहून आलेले उत्तर मतांगीकार गाळण्याचे नव्हते, समजावून देण्याचे होते.

खूण आणि सीमा

जुन्या मंडळीत मतांगीकाराला 'खूण' या अर्थाचा शब्द वापरीत. चौथ्या-पाचव्या शतकातले रुफिनस सांगतात की लढाईत आपला कोण आणि परका कोण हे ओळखण्यासाठी सैनिकांना जसा सांकेतिक शब्द देत, तशी ही विश्वासणाऱ्यांची खूण. याची गरज का पडते?

२०२५ मध्ये सगळ्या जगातल्या मंडळ्यांनी नायसियाच्या सभेची १७०० वर्षे आठवली. ३२५ साली, आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, ती सभा भरली. अलेक्झांड्रियाचा अरिय नावाचा एक वडील शिकवीत होता की पुत्र हा देवाने निर्माण केलेला, सर्वांत श्रेष्ठ पण निर्मितच. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. जुने इतिहासकार सांगतात की अरियाने आपली शिकवण गाण्यांत घातली होती. खलाशी, दळणारे आणि वाटसरू ती गात. गाणे चांगले असले म्हणजे शिकवण चांगली असते असे नाही, हे तेव्हाही खरे होते.

सभेने उत्तर दिले की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. हा शब्द शास्त्रात जसाच्या तसा नाही, म्हणून पुष्कळांना तो खटकला. पण शास्त्राचेच शब्द दोन्ही बाजू वेगळ्या अर्थाने वापरू लागल्या, तेव्हा अर्थ निश्चित करायला आणखी एक शब्द घ्यावा लागला. अथनेशियस त्या सभेत साधे डीकन म्हणून हजर होते. पुढे ते अलेक्झांड्रियाचे बिशप झाले आणि या एका गोष्टीसाठी पाच वेळा हद्दपार झाले. त्यांचा मुद्दा समजायला कठीण नाही. निर्माण केलेली वस्तू आपल्याला तारू शकत नाही. खड्ड्यात पडलेल्याला खड्ड्यातलाच दुसरा कसा वर काढणार? देव स्वतः खाली आला नसेल, त्याने फक्त एक मोठा चाकर पाठवला असेल, तर देवाने आपल्यासाठी हात मळवले असे म्हणता येत नाही. आज आपण म्हणतो तो नायसिन मतांगीकार ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेशी जोडलेला आहे. पवित्र आत्म्याविषयीचा भाग त्यात विस्ताराने आला.

आता आपल्या पाड्यांकडे या. आजारी पडलेल्या बाईला कोणीतरी येऊन सांगतो, तुझा विश्वास कमी म्हणून ताप उतरत नाही. गोळ्या बंद कर. दुसरा येतो आणि म्हणतो, मला दर्शन झाले, अमुक तारखेला प्रभू येणार, शेत पेरू नका. तिसरा म्हणतो, माझ्याकडून तेल विकत घ्या, कर्ज फिटेल. या लोकांना विरोध करायला दरवेळी तिथे आपला सेवक हजर असेल असे नाही. पण ज्या बाईला मतांगीकार समजून पाठ आहे, ती एवढे तरी विचारू शकते, भाऊ, हे आमच्या कबुलीत कुठे बसते? एवढा प्रश्न पुष्कळदा पुरतो.

एकेक कलम आणि आपले काम

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. आपण करतो ते सेवाकार्य एका बाजूला आणि मतांगीकार दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी आपल्या मनात असते. मला वाटते, आपल्या प्रत्येक कामाचा पाया या कबुलीतच आहे.

देव आकाश आणि पृथ्वी यांचा निर्माता आहे, हे पहिले कलम. म्हणजे जंगल, नदी, जमीन यांचा मालक तो आहे. सावकार नाही, ठेकेदार नाही, आपण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा भरायला आपला कार्यकर्ता एखाद्या कुटुंबाला मदत करतो, तेव्हा तो विश्वास सोडून राजकारण करीत नाही. तो पहिल्या कलमाच्या सावलीत उभा असतो.

पुढे एका माणसाचे नाव येते, पंतय पिलात. मरीयेचे नाव येते हे समजते. पण या सुभेदाराचे कशाला? कारण प्रभूचे दुःख ही कल्पित कथा नव्हे. ते एका ठरावीक प्रांतात, एका ठरावीक अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याने झाले. १९६१ मध्ये कैसरिया येथे पिलाताचे नाव कोरलेला दगडही सापडला. आपल्या भागातला माणूस कचेरीच्या पायऱ्यांवर दिवस घालवतो, साहेब आले नाहीत म्हणून परत जातो, न केलेल्या गोष्टीसाठी ठाण्यात बसतो. त्याला हे कलम समजावून सांगावे लागत नाही. आपला प्रभूही एका साहेबापुढे उभा होता, आणि साहेबाला तो निर्दोष आहे हे ठाऊक होते, हे ऐकल्यावर तो मान वर करून पाहतो.

पवित्र सार्वत्रिक मंडळी. 'सार्वत्रिक' हा शब्द आपण भरभर म्हणून जातो. त्याचा अर्थ असा की मुंबईतले दगडी चर्च आणि सातपुड्यातली कुडाची झोपडी यांत एकच मंडळी उभी आहे. पवित्र जनांची सहभागिता. म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली, असे दोन वर्ग नाहीत. आपण पैसे पाठवतो. ते प्रार्थना, धीर, आणि थोडक्यात समाधान मानण्याचे धडे पाठवतात. हिशेब मांडला तर कोणाचे देणे जास्त निघेल सांगता येत नाही.

पापांची क्षमा. ज्या पाड्यावर दोन भावकींत वर्षानुवर्षे बोलणे नाही, तिथे हे कलम एकत्र म्हणणे सोपे नसते. ते म्हणताना घशात अडकले पाहिजे, आणि अडकले तर सेवकाने तिथेच थांबून समेट घडवून आणावा.

आणि शरीराचे पुनरुत्थान. आत्मा अमर आहे एवढेच म्हणून हा मतांगीकार थांबत नाही. तो शरीराचे नाव घेतो. देव ज्या शरीराला उठवणार आहे, ते शरीर आज उपाशी, कुपोषित, सिकलसेलने वेदनेत असलेले आपण कसे पाहत राहावे? दवाखान्यातल्या नर्सताई बाळाला काट्यावर ठेवून वजन घेतात आणि सिकलसेलची तपासणी करतात, तेव्हा त्या शेवटच्या कलमाचीच कबुली देत असतात.

कबुली विकत घेता येत नाही

आता एक नाजूक पण आवश्यक गोष्ट. आपण मदतकार्य करणारे लोक आहोत. आपल्या हातात धान्य आहे, औषध आहे, वसतिगृहातल्या जागा आहेत. ज्याच्या हातात देण्यासारखे काही असते, त्याच्यापुढे गरजू माणूस हवे ते म्हणायला तयार होतो. म्हणून मी स्पष्ट सांगतो, मतांगीकार हा पोत्याच्या बदल्यात म्हणवून घ्यायचा नसतो. वसतिगृहातला मुलगा कोणत्याही घरातला असो, त्याचे ताट भरलेले असले पाहिजे, आणि त्याने काय मानावे याची सक्ती त्याच्यावर असता कामा नये. हा केवळ कायद्याच्या भीतीचा प्रश्न नाही. सक्तीने किंवा लोभाने म्हटलेली कबुली ही कबुलीच नव्हे. प्रभूने पाच हजारांना जेवू घातले तेव्हा आधी कोणाचा विश्वास तपासला नाही.

जुनी मंडळी याबाबत फार सावध होती. 'प्रेषितीय परंपरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन नियमावलीत, शिकणाऱ्यांनी तीन वर्षे ऐकावे असे म्हटले आहे. त्यानंतर बाप्तिस्म्याआधी काय विचारायचे? त्यांनी विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेट दिली का, सत्कर्मे केली का. आधी जीवन पाहायचे, मग पाण्यात उभे करून तीनदा विचारायचे, पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर तुझा विश्वास आहे का. आपण आकड्यांची घाई करतो. त्यांनी ती केली नाही.

आणि ज्याला मनापासून म्हणायचे आहे, त्याला उघडपणे म्हणण्याचा आनंदही मिळाला पाहिजे. ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात रोमच्या विक्टोरिनस या नामांकित वक्त्याची गोष्ट सांगतात. तो वृद्धपणी शास्त्र वाचून खाजगीत म्हणू लागला की मी आता ख्रिस्ती आहे. पण मोठमोठ्या मित्रांची भीड होती. शेवटी बाप्तिस्म्याची वेळ आली. लाजणाऱ्यांना खाजगीत कबुली देण्याची सवलत असे. ती त्यालाही देऊ केली. त्याने ती नाकारली. आयुष्यभर वक्तृत्व सगळ्यांसमोर शिकवले, मग तारण देणारी गोष्ट कोपऱ्यात का बोलू, असा त्याचा विचार. तो चौथऱ्यावर चढला आणि सगळ्या मंडळीसमोर त्याने मतांगीकार म्हटला. रोमच्या त्या प्रसिद्ध माणसाने जे शब्द म्हटले, तेच एखाद्या गुलामानेही म्हटले असतील. मतांगीकारापुढे दोघांची उंची सारखीच.

प्रश्न विचारण्याची मोकळीकही हवी. पंडिता रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयी त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना किती निर्भीड प्रश्न केले, ते त्यांच्या पत्रव्यवहारात वाचायला मिळते. दुसऱ्याने सांगितले म्हणून त्या मान डोलावणाऱ्या नव्हत्या. पण त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला निराधार स्त्रियांना आसरा दिला आणि आयुष्याची शेवटची वर्षे शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. प्रश्न विचारणाऱ्याला हाकलू नका. त्याच्याबरोबर बसा.

कबुली आपल्यालाही तपासते

मतांगीकार नव्या लोकांनी शिकायचा आणि आपण शिकवायचा, असे आपल्याला वाटत असेल तर दक्षिण आफ्रिकेकडे पाहू. १८५७ साली तिथल्या डच रिफॉर्म्ड मंडळीच्या सिनडने, काहींच्या 'दुर्बलतेमुळे', गोऱ्या आणि इतर वर्णांच्या ख्रिस्ती लोकांनी वेगळे बसून उपासना करायला मुभा दिली. तात्पुरती सोय म्हणून दिलेली मुभा वाढत गेली आणि १८८१ मध्ये वर्णावरून वेगळी मिशन मंडळीच उभी राहिली. दोन्हीकडे तोच मतांगीकार म्हटला जात होता! अखेर १९८२ मध्ये त्या मिशन मंडळीने बेल्हार येथे नवी विश्वासकबुली मांडली आणि १९८६ मध्ये ती स्वीकारली. तिचा गाभा हा की मंडळीचे ऐक्य ही ख्रिस्ताची देणगी आहे, समेट ही तिची आज्ञा आहे, आणि देव विशेषकरून गरिबांच्या व अन्याय झालेल्यांच्या बाजूने उभा राहतो. ज्यांना खालच्या बाकावर बसवले होते, त्यांनीच साऱ्या मंडळीला तिचा विश्वास पुन्हा शिकवला.

जर्मनीत १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन येथे असेच झाले. सत्तेपुढे वाकणाऱ्या चर्चला काही मंडळ्यांनी सहा कलमांत सांगितले की ख्रिस्ताखेरीज दुसरा कोणी नेता आमचा प्रभू नाही. पण त्या घोषणेत छळ होणाऱ्या यहूदी लोकांविषयी शब्द नव्हता, आणि तिचे मुख्य लेखक कार्ल बार्थ यांना पुढे त्याची खंत वाटली. चांगल्या कबुलीतही पोकळी राहू शकते, हेही लक्षात ठेवू.

आपल्याकडे काय? एक सार्वत्रिक मंडळी असे म्हणून झाल्यावर लग्न जुळवताना आपण जात विचारतो. मेळाव्याला आलेल्या आदिवासी बांधवांना शेवटच्या रांगेत बसवतो आणि त्यांच्याकडून फक्त नाच आणि गाणे मागतो. त्यांच्यातला कोणी आपल्या चर्चमध्ये पाळक म्हणून आला तर आपण किती आनंदाने स्वीकारू? हे प्रश्न मी कोणाला खिजवण्यासाठी विचारीत नाही. दर रविवारी जे आपण उभे राहून म्हणतो, तेच हे प्रश्न विचारते.

त्यांच्या भाषेत, त्यांच्या शब्दांत

जड मराठीची तक्रार खरी आहे. पावरी, मावची, कोरकू बोलणाऱ्या घरांत मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा आहे. म्हणून मतांगीकार त्या त्या भाषेत नीट आला पाहिजे, आणि तो त्या भाषेतल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन केला पाहिजे. 'आत्मा' यासाठी निवडलेला शब्द ऐकून कोणाला भटकणाऱ्या मृताची आठवण झाली, तर सगळा अर्थ उलटेल. अशी कामे शहरातल्या टेबलावर होत नाहीत.

इतरांनी हे केले आहे. टांझानियातल्या मसाई लोकांमध्ये काम केलेले व्हिन्सेंट डोनोव्हन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात मसाईंच्या जीवनातून आलेली एक कबुली दिली आहे. तिच्यात प्रभू सतत प्रवासात असतो, आणि त्याच्या थडग्याजवळ तरस येऊनही त्याला शिवत नाहीत. गुरे राखणाऱ्या, रानात मृतदेहांचे काय होते ते पाहिलेल्या लोकांना यापेक्षा स्पष्ट काय सांगणार? सुमात्रातल्या बाटाक मंडळीने १९५१ मध्ये स्वतःची विश्वासकबुली तयार केली. पूर्वजांच्या आत्म्यांची भीती यासारखे त्यांच्या घरातले प्रश्न तिच्यात आले. पुढच्याच वर्षी त्या कबुलीच्या आधारावर जागतिक ल्युथरन संघाने त्यांना सभासद करून घेतले. जर्मन मिशनऱ्यांकडून शिकलेली मंडळी आपल्या शब्दांत बोलू लागली आणि जगाने तिचे ऐकले.

जुना मतांगीकार सोडून द्यावा असे मी म्हणत नाही. तो आपल्याला सतरा शतकांच्या विश्वासणाऱ्यांशी जोडतो. पण त्याच्या बाजूला, त्याच विश्वासाची कबुली देणारे, मोहाचे फूल, आटलेली नदी आणि ऊसतोडीला गेलेले घर यांची ओळख असलेले शब्दही उभे राहू देत. ते शब्द आपण लिहून द्यायचे नाहीत. त्यांनी लिहायचे, आपण ऐकायचे.

तर मग काय करावे?

माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, आपल्या ग्रामीण मंडळ्यांच्या उपासनेत प्रेषितांचा मतांगीकार ठेवावा, पण घाईने नाही. महिन्याला एक कलम घ्यावे. सेवकाने समजावावे, लोकांनी प्रश्न विचारावेत, मग मिळून म्हणावे. वर्षभरात पूर्ण होईल.

दुसरी, साक्ष आणि भजने कमी करू नयेत. साक्ष सांगते देवाने माझ्यासाठी काय केले. मतांगीकार सांगतो देवाने सर्वांसाठी काय केले. आजाऱ्याला बरे वाटले नाही, पीक बुडाले, तर त्या आठवड्यात साक्ष सुचत नाही. तेव्हा मंडळीची कबुली आपल्या वतीनेही बोलत असते. मूळ ग्रीक नायसिन मतांगीकार 'मी' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. ज्याचा विश्वास आज थकला आहे, त्याला शेजारी उभा असलेला उचलून धरतो.

तिसरी, स्थानिक भाषांतील रूपांतरासाठी वेळ आणि पैसा द्यावा. इमारतीसाठी देणगी मागितली की लोक देतात, कारण भिंत दिसते. शब्द दिसत नाहीत, पण ते भिंतीपेक्षा जास्त टिकतात.

चौथी आपल्या सर्वांसाठी. येत्या रविवारी मतांगीकार म्हणताना एका कलमाशी मनात थांबा आणि विचारा, हे मी खरे मानत असेन तर या आठवड्यात मला काय करावे लागेल? कोणाकडे जावे लागेल? कोणाचे देणे फेडावे लागेल?

आपण प्रार्थना करू.

हे देवबापा, तू डोंगरांचा आणि शहरांचा निर्माता आहेस. आमच्या ओठांवरचे शब्द आमच्या हातापायांत उतरू दे. ज्यांना आम्ही मदत करतो असे आम्हांला वाटते, त्यांच्याकडून शिकण्याची नम्रता दे. जे शब्द आमच्या आधीच्यांनी किंमत देऊन सांभाळले, ते आमच्या मुलांपर्यंत आणि पाड्यापाड्यांपर्यंत समजतील असे पोहोचव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.